साडूभाऊ बसले

सगळ्या आदिलाबाद जिल्ह्यात आमच्या थोरल्या साडूंइतका चाललेला माणूस दुसरा नसेल, आणि गंमत अशी की त्यांना कुठं जायचंच नसायचं. दुपार कलली की त्यांच्या पोटऱ्यांत आतून मुंग्या चालायला लागत. उठून चार पावलं टाकली की मुंग्या गप्प, टेकलं की पुन्हा वारूळ जागं. म्हणून चहा ते अंगणात हिंडत प्यायचे, पेपर खोलीभर फिरत वाचायचे आणि जेवताना दोन घासांच्या मध्ये मोरीपर्यंत एक फेरी मारून यायचे. शाळेत मास्तर होते म्हणून निभावलं. उभ्यानं शिकवणाऱ्याला कोण हटकणार? मात्र दुपारच्या पेपराला त्यांची ड्यूटी लागली की पोरं रडकुंडीला यायची. बाकीचे मास्तर खुर्चीत डुलक्या घेत, हे तीन तास घारीसारखे घिरट्या घालत. "सर, थोडं बसा ना जी," असं एका पोरानं अगदी कळवळून म्हटल्याचं सांगतात. दोघी बहिणींच्या नशिबी आलेले आम्ही दोन नवरे: त्यांना बसता येत नाही, मला उठता येत नाही.

हा आजार असेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सासूबाई म्हणायच्या, पाय हलवल्यानं घरातली बरकत जाते. मी तर, या विषयातली काडीची अक्कल नसताना, त्यांचा चहा तोडला आणि पोटऱ्यांना एरंडेल चोपडायला लावलं. चपला निसटायला लागल्या, चालणं थांबलं नाही. जवळच्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. सकाळी साडूभाऊ म्हणाले, "डोळे झोपले हो, पाय जागेच राह्यले."

हेही हसण्यावारी गेलं असतं, पण एकुलत्या लेकीला पाहायला पाहुणे येऊ लागले. आमच्याकडं यजमान उठला की पाहुण्यानं ओळखायचं, आता निघावं. किनवटची मंडळी आली. साडूभाऊ तिसऱ्याच मिनिटाला उठले, म्हणून पाहुणे उठले. "बसा, बसा," म्हणत साडूभाऊ स्वतः दाराकडं गेले, ते पाहून मंडळींनी चपला घातल्या. पोहे कढईतच राहिले. तलमडुगुच्या मंडळींनी तर निरोपच धाडला, "पोरीच्या बापाच्या मनातच नाई, तं आमी काऊन बसाव?" पोरगी शहाणी, शिकलेली. पण त्या संध्याकाळी भूक नाही म्हणून जेवायला आली नाही, आणि साडूभाऊंच्या फेऱ्या पहिल्यांदा मान खाली घालून झाल्या.

मग नागपूर. नसांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, रक्तातलं लोह तपासलं आणि म्हणाले, "मास्तर, ही खोड नाही, आजार आहे." साडूभाऊ म्हणाले, "हे बी चिठ्ठीवर लिहून द्या जी. घरी दाखवतो." आधी लोहाच्या गोळ्या झाल्या, मग एक इवलीशी गोळी आली, पाय कुरकुरायच्या दोन तास आधी घ्यायची. ती चिठ्ठी घेऊन आम्ही आदिलाबादची सगळी मेडिकलं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "मास्टरजी, ये तो हाथ काँपनेवाले बूढ़ों की गोली है." "आमचे पाय जरा लवकर म्हातारे झाले म्हणा," साडूभाऊ म्हणाले. पण एका गिऱ्हाइकासाठी गोळी मागवायला कुणी तयार होईना. तेव्हापासून साडूभाऊ संध्याकाळच्या फेऱ्या बस स्टँडवर मारू लागले. "नागपूरला चालले का जी? एक पाकीट आणसान?"

बाजारहत्नूरचे पाहुणे यायचे ठरले आणि नेमकं पाकीट संपलं. मी मोठ्या तोऱ्यात नागपूर गाठलं, दुकानात उभा राहिलो आणि लक्षात आलं, चिठ्ठी घरी. दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळी देईना, आणि त्याचं बरोबरच होतं. मी संत्री घेऊन परत आलो. साडूभाऊंनी एक सोललं, अंगणात फिरत फिरत खाल्लं आणि एवढंच म्हणाले, "गोड हायेत." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी पुन्हा गेलो, चिठ्ठी खिशात आणि हात खिशावर.

पाहुणे आले. साडूभाऊंनी गोळी वेळेवर घेतली होती. शेजारी मी. अक्कांनी, म्हणजे साडूभाऊंच्या बायकोनं, माझ्या थोरल्या मेहुणीनं, मला काम नेमूनच दिलं होतं: हे उठायला लागले की सदरा ओढायचा. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. साडूभाऊ दगडासारखे स्थिर, घाम मला. शेवटी मला ते सोसेना. चहाला एवढा उशीर का, म्हणून मीच ताडकन उठलो. मुलाचे वडीलही अर्धवट उठले, टोपीकडं हात गेला. तेवढ्यात साडूभाऊंनी माझाच सदरा धरून मला खाली ओढलं. "बसा ना साडूभाऊ. काऊन घाई करून राह्यले?" मुलाचे वडील पुन्हा टेकले, ते रात्रीचं जेवूनच उठले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर लई शांत मानूस हाय. तुमचं मात्र काई समजलं नाई."

सोयरीक जुळली. लेक जायला महिनाभर राहिला होता. रोज संध्याकाळी ती ओट्यावर आंबाडीची पानं खुडत बसायची आणि साडूभाऊ नुसते तिच्याजवळ. एकदा मला म्हणाले, "लहानपनी इला मांडीवर घेऊन बसलोच नाई कदी. खांद्यावर घेऊन फिरवलं निस्तं." आवाजात तक्रार नव्हती. गोळी वीस वर्षं आधी मिळाली असती तर, एवढंच असेल मनात.

पंचाईत झाली ती अक्कांची. इतकी वर्षं नवऱ्याच्या चपलांच्या आवाजावर त्यांनी स्वयंपाक केलेला. आवाज येईना की हात पुसत दारात यायच्या, "अजी, कुठं गेले?"

"इथंच हाओ," ओट्यावरून उत्तर यायचं. "पोरीजवळ बसून राह्यलो."