पैकीबाईंचा वर्ग

आमच्या वहिनी शाळेत गणित शिकवतात आणि घरात उलटतपासणी घेतात. दादा एकदा आरशासमोर उभा राहून म्हणाला, “अगं, सगळेच म्हणतात, मी अजून तरुण दिसतो.” वहिनींनी चहा गाळता गाळता विचारलं, “सगळे म्हणजे कितींपैकी किती?” दादाने तो विषय पुन्हा काढलेला नाही. नववीच्या पोरांनी तर त्यांचं नावच ठेवलंय, पैकीबाई.

एका सकाळी पेपरात पहिल्याच पानावर बातमी: ‘पोहण्याच्या तलावावर अपघात दुप्पट!’ दुपारपर्यंत नगरपालिकेने मुलांची संध्याकाळची वेळ बंदही करून टाकली. वहिनींच्या वर्गातली एक मुलगी, जिला सगळे मासोळी म्हणतात, त्याच वेळेत शर्यतीचा सराव करायची. शर्यत तोंडावर आलेली आणि मासोळी बाकावर डोकं टेकून रडतेय.

“रडून झालं की सांग,” वहिनी म्हणाल्या, “दुप्पट म्हणजे किती?”

मासोळीने नाक पुसलं. “ते लिहिलंच नाहीये, बाई.”

“मग विचारायला कोण जाणार? मी?”

अख्खा वर्ग आधी तलावावर जाऊन आला, मग पेपरच्या कचेरीत घुसला. वहिनी मागे दारापाशी, तोंड घट्ट मिटून. हे त्यांना किती जड गेलं असेल, ते दादालाच ठाऊक.

“काका, गेल्या वर्षी एक जण घसरला, यंदा दोघं,” मासोळी संपादकांना म्हणाली.

“मग? दुप्पटच की!”

“पण पोहायला येणारे चौपट झालेत. म्हणजे धोका उलट निम्मा झाला ना?”

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आणि त्या दोघांतले एक,” मासोळीने कोपऱ्याकडे बोट केलं, “हे काका.”

कोपऱ्यात पेपरचा फोटोग्राफर पायाला प्लास्टर घालून बसला होता. फोटो काढताना मागे मागे सरकत तो तलावाच्या पायरीवर आपटला होता.

“मला तर पोहताही येत नाही,” तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी खुलासा आला, पहिल्याच पानावर, तितक्याच जाड अक्षरांत. नगरपालिकेने मुलांची संध्याकाळची वेळ मुकाट्याने पुन्हा सुरू केली.

शर्यतीत मासोळी पहिली आली. काठावर उड्या मारत वहिनी ओरडल्या, “जगात हिच्यासारखी पोहणारी नाही!”

पाण्यातून डोकं वर आलं. “कितींपैकी, बाई?”

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. दादाने मात्र टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले.