तापलेली चाकं

पेट्रोल पंपावर चाकांत हवा भरणाऱ्या त्या माणसाला सगळे हवाकाका म्हणत. स्वभाव भलताच तापट. लांबून आलेल्या एखाद्याने "काका, आकडा जास्त दाखवतोय, थोडी हवा सोडा," म्हटलं की झालंच. "अहो, चाक तापलंय म्हणून आकडा चढलाय! आत्ता सोडली तर गार झाल्यावर हवा कमी पडेल आणि भर रस्त्यात टायर फुटेल. मला शिकवू नका!" काकांना उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. घरच्यांचीसुद्धा.

त्या दुपारी लेक लांबून गाडी चालवत आली. तिची बदली झाली होती. गाडी सामानाने खच्चून भरलेली, मागे सामानात रुतून बसलेली नात. "बाबा, उभ्या उभ्याच आले. पाणी पिते आणि निघते."

आता ही लवकर दिसायची नाही, या विचाराने काकांना काही सुचेना. काहीतरी करायचं म्हणून ते चाकापाशी बसले. नात खिडकीतून वेडावत होती, तेही तिला वेडावत होते. आकडा जास्त दिसला, तशी त्यांनी चारही चाकांतली हवा सुस्सकन सोडून बरोबर आकड्यावर आणली. लेक काहीतरी बोलणार होती, पण भोवती गिऱ्हाइकं होती. "येते बाबा," म्हणाली आणि गेली.

पुढच्या गाडीवाल्याने हवा सोडायला सांगितलं. "अहो, चाक तापलंय..." काका ओरडले, आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा दंडक त्यांनीच घातलेला. पुन्हा लावला. स्कूटर सुरू केली, बंद केली. तिला गाठणार कुठे? पंपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते नुसते येरझारा घालत राहिले. भरलेली गाडी, कमी हवा, तापलेला रस्ता, आणि मागे ती चिमुरडी. एका गिऱ्हाइकाच्या चाकात हवा भरायची राहिली आणि चाकाच्या नळीचं झाकण त्यांच्या मुठीतच राहिलं.

शेवटी फोन वाजला.

"बाबा, किती वेळा लावलात! फोन सामानात दबला होता, आत्ता सापडला. बऱ्या आहोत आम्ही. पुढच्या पंपावर थांबले, चाकं गार होऊ दिली, हवा भरून घेतली. आत्ता निघतेय."

काकांनी विचारलं, "तुला कळलं होतं?"

"तुम्ही सोडत होतात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला चूक दाखवलेली चालते का बाबा? त्यात चार लोकांसमोर..."

म्हणजे पोटच्या पोरीला घेऊन ती तसल्या चाकांवर पुढच्या पंपापर्यंत गेली होती. बापाच्या रागापेक्षा तिला तो रस्ता बरा वाटला होता.

"पुन्हा असं केलंस ना, तर याद राख..." काका गरजले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबले.

"सांगत जा गं," ते म्हणाले. "मी ओरडलो तरी सांगत जा."