अक्काची सोनोग्राफी

माझी नोकरी नेमकी कसली, हे वडवणीजवळच्या आमच्या गावात कुणालाच कधी नीट कळलं नाही. शेवटी मी थोरल्या बहिणीला, अक्काला, सोपं करून सांगितलं, "जमिनीत आवाज सोडायचा, खालून परत आला की त्याचं चित्र काढायचं. पोटाची सोनोग्राफी करतात ना, तसंच. त्यावरून तेल कुठं असेल ते ठरवायचं." अक्काला ते पटलं. आमची धाकली धरणीचं पोट बघती, असं तिनं गावभर सांगितलं.

म्हणूनच गेल्या दसऱ्याच्या सुमाराला तिनं स्वतःच्या पोटाचा फोटो मला पाठवला.

मी तेव्हा हिमालयाच्या पायथ्याशी कॅम्पवर होते. तिथली जमीन बाजूनं रेटलेल्या घोंगडीसारखी घड्या पडलेली. जुने थर नव्यांवर चढून बसलेत. अशा जागी चित्र हमखास फसवतं. उभ्या थरांवरून आवाज भलतीकडेच जातो आणि तेल साठावं तसला, पण खाली नसलेलाच, घुमट दिसतो. तेल तयार करणारा खडक, ते धरून ठेवणारा खडक, वरचं झाकण, सगळं कागदावर जमलं तरी विहीर कोरडी निघते. म्हणून एका भोकासाठी आम्ही वर्ष वर्ष भांडत बसतो.

फोटोतल्या काळ्या-करड्या डागांत मला ओ की ठो कळेना. मी लगेच फोन लावला.

"दवाखान्यातले म्हनतेत गर्भपिशवी काढा, न्हाईतर कॅन्सर व्हईल," अक्का म्हणाली. "तू सांग, हाय का तसलं काई?"

"अक्का, मला हे वाचता येत नाही गं. सरकारी दवाखान्यात दाखव. तोवर काही करू नको."

"डोंगराखालचं दिसतंय तुला, आन् सख्ख्या बहिनीचं कावून दिसंना?" ती हसली. मला रडू आलं. "ऊसतोडीची टोळी निगाय लागली. तितं फडात दुखलं तर कुनाच्या दारात जाऊ?"

रजा घेऊन निघाले. परळीला रेल्वेतून उतरून बीडच्या त्या खाजगी दवाखान्यात पोचले, तेव्हा अक्का टाके सांभाळत खाटेवर पडली होती. पस्तिशीसुद्धा न ओलांडलेली माझी बहीण. एका चित्रावर एका माणसानं एका सकाळी ठरवून टाकलं होतं.

काढलेलं तपासायला पाठवलं का, असं मी काउंटरवर विचारलं. आमच्याकडे विहीर कोरडी निघाली तरी आतून आलेला दगडाचा चुरासुद्धा जपून ठेवतात. तिथला माणूस म्हणाला, "ते टाकून दिलं, मॅडम. आता काय करायचंय त्याचं?" मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या बाईला बोलावलं. तीही अक्काच्याच वयाची होती.

म्हणजे आजार होता की नव्हता, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. या संतापाचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

खाटेपाशी परत आले. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती.

"इचारलंस? व्हतं का गं काई आत?"

पुराव्याशिवाय नकाशावर मी आजवर एकही रेघ ओढलेली नाही.

"होतं," मी म्हणाले. "काढलं ते बरंच झालं."

तिनं डोळे मिटून सुटकेचा निःश्वास टाकला. जरा वेळानं म्हणाली, "आता आनिक एक इचारून ये. उसाची मोळी कवापसून उचलू म्हनावं."