उभ्या मेंढीची कातरणी
शहागंजच्या बाजारात भिजल्या लोकरीचा वास आला आणि लग्नानंतरची पहिली कातरणी आठवली. आमच्या मेंढपाळांत बायकांनी मेंढ्या धरायच्या, कातर पुरुषांनीच चालवायची. माझ्या माहेराहून आलेल्या मेंढीचे दिवस भरत आले होते, तरी सासरे तिला आडवी पाडून पाय बांधायला निघाले. मी खालमानेनं म्हणाले, "मामा, पाडू नका, पोटातलं मरंल." "मग तूच कातर उभीला," ते म्हणाले आणि सगळे हसले. मी कातर उचलली. मेंढीला उभीच ठेवून एक बाजू कातरली. "बाईनं कातरलेली लोकर आमच्या घोंगडीत चालत नाय," सासरे म्हणाले. "नका घालू," म्हणत मी दुसरी बाजू घेतली. चौथ्या दिवशी मेंढी व्याली, कोकरू धडधाकट होतं. तरी घरचे महिनाभर म्हणत होते, सासऱ्यांपुढं चुकलं म्हण. मी आजपर्यंत म्हटलेलं नाही.