कानामागची जागा

"रंग गेलाय बोटांचा, अक्कल नाही गेली," असं ताई एकदा भावजयीला म्हणाली होती. भावजयीने ताईचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगला, त्या दिवशी.

चष्म्याच्या दुकानात ताई एकवीस वर्षं काउंटरवर होती. चष्मा का घसरतो हे बघायला तिला आरसा लागत नसे. गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालून काडी कुठे टेकते, कुठे नुसतीच लोंबते, ते ती चाचपे. मग काडी गरम करून केसभर वाकवी. "अहो, चष्मा घातलाय असं वाटतच नाही!" असं कुणी म्हटलं की तिचा दिवस चांगला जाई.

मग बोटांची टोकं पांढरी पडली. मागोमाग ओठांच्या कडा. लोक मान मागे घेऊ लागले. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "दुसरं कोणी नाही का?"

मालकाने रबरी हातमोजे आणले. "ताई, माझं काही नाही हो. मी असलं मानत नाही. पण गिऱ्हाइकाचं बघावं लागतं. नाहीतर मग आत, काचा घासायला बसा."

आत जायचं नव्हतं, म्हणून तिने मोजे घातले. पण त्यातून काही कळेना. एका मास्तरांची काडी तिने इतकी आवळली की कानामागची चामडी सोलली. घरी गेल्यावर ती ब्रशने बोटं घासत बसायची. महिन्याभरात मनगटावर, मोज्याची कड काचायची तिथेच, नवी पांढरी रेघ उमटली.

"आधी हे घासणं बंद," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घासलं, काचलं की काहींना तिथेच नवा डाग येतो. शरीरच स्वतःच्या रंगाच्या पेशी मारतंय. तुमचं काही चुकलेलं नाही, आणि हे कोणाला लागतही नाही."

"जाईल?"

"पसरणं थांबवायचा प्रयत्न करू. मलम लावा, उन्हात जपा. पण बोटांची टोकं हट्टी असतात. खोटी आशा दाखवत नाही."

ताईने टेबलावरचं पेन त्यांच्याकडे सरकवलं. "ते लागत नाही म्हणालात ना, तेवढं लिहून द्याल?"

मालकाने चिठ्ठी उभ्याने दोनदा वाचली. "झालं तर! मोजे बंद. कोणी विचारलं तर मी बसलोय."

तिने मोजे तिथेच काढले. चिठ्ठीची घडी घालायला मालक वाकला, तसा त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. इतकी वर्षं तो तीच नीट करत आली होती. हात आपोआप पुढे गेला.

मालकाने मान अशी झटक्याने मागे घेतली की चष्मा काउंटरवर पडला.

"राहू दे, राहू दे," तो हसला. "मी करतो."

तिचा हात लागलाही नव्हता. तरी त्याने रुमाल काढून दोन्ही काड्या पुसल्या, टोकापर्यंत, सावकाश. मग वर बघून म्हणाला, "तसं काही नाही हां, ताई."

ताईने डब्याची पिशवी उचलली, काचेचं दार ढकललं आणि बाहेर पडली.