सुहादचा पत्ता

सुहादचं ओळखपत्राचं कार्ड निळं, म्हणजे जेरुसलेमच्या रहिवाशाचं; नासिफचं हिरवं, वेस्ट बँकचं. हिरव्या कार्डावर जेरुसलेममध्ये राहता येत नाही, परवान्याशिवाय जाताही येत नाही. निळ्या कार्डवाली बाई शहराबाहेर राहते असं ठरलं, तर तिचंही कार्ड जातं. म्हणून लग्नानंतर दोघांनी कफ्र अकबला भाड्याने जागा घेतली. हा भाग इस्रायलने बांधलेल्या भिंतीपलीकडे, रामल्लाच्या बाजूला. पण कागदोपत्री शहरातच. अशी जोडपी तिथे इमारतीगणिक सापडतात. नासिफ फरश्या बसवायचा. सुहाद शहरातल्या इस्पितळात नर्स, रोज पहाटे कलंदियाच्या तपासणी नाक्यावर रांगेत.

मुलगी झाल्यावर चाळीस दिवस ती सासरी, बीरझैतजवळच्या गावी राहिली. सासूने, उम्म नासिफने, हट्टच धरला होता. नंतर सुहाद कामावर गेली की सासू नात सांभाळायला कफ्र अकबला येऊ लागली.

एका मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात एक माणूस, हातात फाइल, बोलणं अगदी अदबीचं. दारी आलेल्याला उभं ठेवणं उम्म नासिफला ठाऊकच नव्हतं. तिने वेलदोडा घालून कॉफी केली.

"तुमची सून इथेच राहते का?"

"या खुराड्यात? छे हो! बाळंतपण माझ्याकडे झालं, दर गुरुवारी येते ती शनिवारपर्यंत हलत नाही. तिचं खरं घर आमचंच. अशी सून गावात दाखवा कुणाकडे!"

माणसाने लिहून घेतलं आणि गेला.

संध्याकाळी सासूने कौतुकाने सांगितलं, "आज तुझी इतकी तारीफ केली मी!"

"कुणाकडे, आत्या?"

"होता कुणी सरकारी. पण भला माणूस. कॉफी दोनदा घेतली त्याने."

सुहाद अंगातला कोट न काढता खुर्चीवर बसली.

पाच आठवड्यांनी गृहखात्याचं पत्र आलं : कार्ड रद्द का करू नये, तीस दिवसांत सांगा. वकिलाने सुचवलं, मुलीला घेऊन भिंतीच्या आत, शहरातल्या सिलवानला आईकडे राहायला जा. विजेचं बिल, दवाखाना, सगळं तिथलं दिसू दे. निदान दोन वर्षं.

"म्हणजे बायकोला भेटायला परवाना," नासिफ म्हणाला. "आजवर फक्त सासूबाईंसाठी लागायचा, आणि तो नाकारला की मी खूश व्हायचो."

दोघंही हसले नाहीत.

"आईला खरं सांगू?" त्याने विचारलं.

"नको. ती परत दारातल्या माणसाला पाणीसुद्धा विचारणार नाही."

शुक्रवारी सुहाद सामान भरत असताना सासूचा फोन आला.

"नवऱ्याला टाकून माहेरी निघालीस म्हणे? बायका विचारतायत, काय तोंड दाखवू?"

"आईची तब्येत बरी नाही, आत्या."

"तिला काय धाड भरलीय? परवा भाचीच्या लग्नात नाचत होती!"

सासू बोलत राहिली, सुहादने ऐकून घेतलं. मग बॅगेची चेन लावली.