नाडा बांधलेला गहू

परवा पूजेच्या सामानात नाड्याची गुंडी हाताला लागली आणि मिरजगावजवळचं ते गव्हाचं रान डोळ्यांपुढे उभं राहिलं. जास्त उतारा देणारा गहू तयार करायच्या कामावर मी तेव्हा नवीनच होतो. एका शेतकऱ्याच्या रानात दोन वाणांच्या संकराचा गहू पेरला होता. त्यातलं कुठलंच झाड दुसऱ्यासारखं नव्हतं. बुटकी, वाऱ्यानं न लोळणारी, भरपूर फुटव्यांची, लांब ओंबीची झाडं तेवढी बियाण्यासाठी निवडायची होती. खुणेच्या चिठ्ठ्या वेळेवर आल्या नाहीत, म्हणून मी दुकानातून लाल-पिवळा नाडा आणून निवडलेल्या झाडांना बांधला. दुसऱ्या दिवशी पोचलो, तर आभाळ आलेलं बघून मालकानं बाया लावून सोंगणी उरकून घेतलेली. ताज्या काडाचा गोडसर वास सुटला होता. सगळा हंगाम एका ढिगात गेला म्हणायचा! बांध ओलांडला आणि थबकलो. मोकळ्या रानात नाडा बांधलेली झाडं तेवढी जिथल्या तिथं उभी होती. एकाला तर हळदकुंकूही वाहिलेलं. विळा पुसत एक मावशी म्हणाल्या, "कुनाचा तरी नवस दिसतोय, सायेब. आमी हात लावला न्हाई." मी म्हणालो, "माझाच आहे, मावशी." त्या हसल्या, "मग फळंल की!" परवा पूजा आटोपल्यावर त्या गुंडीतला हातभर नाडा तोडून मी खिशात ठेवला. सोमवारी निवडीला जायचंय.